ड वर्गातले रविवार

सरकारी दप्तरात कागदांचे वर्ग असतात. अ वर्गाचा कागद कायम जपायचा, ब वर्गाचा तीस वर्षं, क वर्गाचा पाच, आणि ड वर्गाचा वर्षभर ठेवून नष्ट करायचा. मी, भालचंद्र ऐनापुरे, सांगलीतल्या एका कार्यालयातून अभिलेख कक्षाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षांत माझ्या हातून अ वर्गाचा एक कागद हरवला नाही आणि ड वर्गाचा एक कागद मुदतीपलीकडे राहिला नाही. या दुसऱ्या गोष्टीचा मला पहिलीपेक्षा जास्त अभिमान होता. जपून काय कुणीही ठेवतं, टाकायला अक्कल लागते, असं मी नव्या कारकुनांना ऐकवायचो. ते माना डोलवायचे आणि माझ्यामागे हसायचे.

घरी मात्र माझी ही अक्कल कधी चालली नाही. माझी बायको शालन कागद टाकायचीच नाही. वीजबिलं, शाळेच्या सूचना, लग्नपत्रिका, मी ऑफिसातून आणलेली रद्द परिपत्रकं, सगळं तिला हवं असायचं. एका बाजूने कोरा राहिलेला कागद फेकून देणं तिच्या जिवावर यायचं. असे पाठकोरे कागद ती फूटपट्टी धरून दुमडायची, सुरीने कापून एकसारख्या चिठ्ठ्या करायची आणि बिस्किटांच्या डब्यात रचून ठेवायची. लग्नाआधी ती सहकारी भांडारात पावत्या फाडायची. कार्बनखाली तिसरी प्रत उमटायला हवी म्हणून पेन दाबून लिहायची तिला सवय लागली होती, ती शेवटपर्यंत सुटली नाही. तिने वाण्याची यादी लिहिली तरी टेबल हलायचं.

शालनला जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा आतल्या खोलीत कागदांच्या सोळा पेट्या होत्या. त्या खोलीत मी रोज केर काढायला जायचो आणि केर न काढताच परत यायचो.

आमची एकुलती एक मुलगी ऋजुता न्यूझीलंडमध्ये डुनेडिन नावाच्या गावात असते. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. ती तिकडे गेली तेव्हापासून दर रविवारी सकाळी अकराला आमच्याकडे फोनची वेळ. शालन पावणेअकरापासून फोनजवळच्या खुर्चीत बसायची, मांडीवर काहीतरी लिहायची, मग मायलेकी तासभर बोलायच्या. मी समोर पेपर वाचत असायचो. मधेच शालन फोन माझ्याकडे करून भुवया उडवायची. मी पेपराआडून हात हलवायचो, तूच बोल म्हणून. ऋजूची खुशाली मला नंतर जेवताना कळायची. तेवढी मला पुरायची, किंवा पुरते असं मी समजत होतो.

शालन गेल्यावर अकराचा फोन माझ्याकडे आला आणि तो कसा बोलायचा हे मला येईना. जेवलीस का, थंडी आहे का, काम कसं चाललंय. ती उत्तरं द्यायची आणि तेच प्रश्न मला विचारायची. पाचव्या मिनिटाला आम्ही दोघंही दमायचो. आठवडाभर मी त्या फोनची वाट बघायचो, आणि तो आला की कधी एकदा संपतो असं व्हायचं. माझी लेक मला हवी होती, आणि तिच्याशी बोलायचं काय ते फक्त शालनला माहीत होतं.

"बाबा, सहा महिने इकडे येऊन राहा," ऋजू म्हणायची. कागदांचं काय करू, असं मी म्हणायचो. ते निमित्त होतं हे तिलाही कळत होतं. शेवटी तिने तिकडूनच माझं नाव कागदमुक्त घर योजनेत घातलं आणि एका मंगळवारी सकाळी इमारतीखाली वाचकपेटीची गाडी येऊन उभी राहिली.

वाचकपेटी म्हणजे साधारण शिलाई मशीनच्या टेबलाएवढं यंत्र. त्याची करामत अशी की कागदाचा गठ्ठा सोडावा लागत नाही. प्रकाश पहिल्याच पानावर अडतो आणि क्ष-किरण सगळ्यातून आरपार जाऊन कागद नि शाई यांत भेद करत नाहीत. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यातल्या काही लहरी मात्र कागदातून जातात आणि जाता जाता दर पृष्ठभागावर थोड्या परततात. दोन पानं कितीही घट्ट दाबली तरी त्यांच्यात केसाच्या काही अंशाएवढी हवा राहतेच. तिथून परतलेली लहर किती उशिराने आली यावरून ते कितवं पान हे कळतं, आणि शाईवरून परतलेली कमीजास्त होते यावरून अक्षर कळतं. पूर्वी या रीतीने जेमतेम दहा-वीस पानं वाचता यायची. आता चारशे पानांचा बांधलेला गठ्ठा एका बाजूने आत जातो आणि तीन मिनिटांत पानापानाने वाचून दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. पुढे त्याचा लगदा होतो. सगळा मजकूर एका घरगुती दप्तरात जातो, आणि त्या दप्तराला तोंडी विचारलं की ते तोंडी उत्तर देतं.

गाडीबरोबर फरझाना मुल्ला नावाची मिरजेची बाई होती. पस्तिशीची, हसरी, हातात रबरी मोजे. मी तिला आधीच लावून ठेवलेले चार ढीग दाखवले. प्रत्येकावर चिठ्ठी: अ, ब, क, ड. तिने ते बघून तोंडावर हात ठेवला. एवढं नीटनेटकं घर या योजनेत तिने पाहिलंच नव्हतं, म्हणाली. मी फुशारलो. अ वर्ग वाचून मूळ प्रत परत द्यायची, ब आणि क वाचून लगदा, ड न वाचता लगदा, असा मी आदेश दिला.

"ड पण वाचूनच घेऊया की काका," ती म्हणाली. "आत जागा लागत नाही काही. पाच मिनिटांचं काम."

सगळंच ठेवलं तर ते दप्तर राहत नाही, अडगळ होते, असं मी तिला समजावलं. जपायचं काय हे ठरवलं नाही तर जपण्याला अर्थ नाही, वगैरे माझं नेहमीचं भाषण झालं. तिने ते ऐकून घेतलं आणि पडद्यावर माझा अंगठा घेतला.

ड वर्गात शालनच्या बिस्किटांच्या डब्यांतल्या चिठ्ठ्या होत्या. लिहून झालेल्या, सात डबे. मी त्या बघितल्या नव्हत्या असं नाही. एका बाजूला जुनं वीजबिल, दुसऱ्या बाजूला तिच्या हातचं: श्री, खाली लोणचं, गुडघा, मांजर, शेवग्याच्या शेंगा. वाण्याची यादी, असं म्हणून मी पहिल्या काही शब्दांपुढे वाचलंच नाही. वाण्याकडे गुडघा मिळत नाही, हे एकतीस वर्षं दप्तर सांभाळलेल्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

संध्याकाळपर्यंत आतली खोली रिकामी झाली. अ वर्गाचा एक छोटा गठ्ठा तेवढा परत आला, त्यात घराच्या खरेदीखताची निळी पुठ्ठ्याची फाईल. नंतर दोन-तीन दिवस मी दप्तराला प्रश्न विचारत बसलो. ऋजूला गोवर कधी आला होता, पाण्याची टाकी कोणत्या वर्षी बसवली. दप्तर चटकन सांगायचं. त्याचा आवाज सभ्य, वयस्क बाईचा होता. आमच्या कक्षात असं दप्तर असतं तर मला गुडघे झिजवावे लागले नसते, असं वाटून मी मनात खूश झालो.

रविवारी ऋजूला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की खोली मोकळी झाली. तिने आईच्या चिठ्ठ्या जपल्या असतील ना, असं विचारलं. मला कळेना. कुठल्या चिठ्ठ्या?

तेव्हा तिने सांगितलं ते असं. शालन लहान गावातली, अथणीकडची. लग्नानंतर माहेरी फोन करायचा तर तिला कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जावं लागायचं. समोर मीटर पळायचा आणि बूथमध्ये शिरलं की काय बोलायचं ते सगळं विसरायला व्हायचं. म्हणून ती घरून मुद्दे लिहून न्यायची. पुढे फोन घरात आला, मग हातात आला, मग फुकट झाला, तरी शालनने मुद्दे लिहिणं सोडलं नाही. दर रविवारी आठवड्यातलं ऋजूला सांगायचं नि विचारायचं सगळं एकेका शब्दात चिठ्ठीवर. बोलता बोलता ती थांबायची आणि म्हणायची, थांब गं, चिठ्ठीत बघते.

"सोळा वर्षं आम्ही बोललो, बाबा," ऋजू म्हणाली. "काय बोललो ते मला आठवत नाही. आई बोलत असायची आणि मी इकडे भाजी चिरत असायचे. वाटायचं, पुढच्या रविवारी आहेच. त्या चिठ्ठ्या आल्या तर मला निम्मं तरी परत मिळेल. बाकीचं मी आठवेन."

मी खोटं बोलू शकलो असतो. शोधतो म्हणालो असतो तर चार रविवार निघाले असते. पण नोंदीबाबत खोटं बोलायची मला सवय नाही. त्या ड वर्गात गेल्या, असं मी सांगितलं. ड वर्ग म्हणजे काय हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिच्या चित्रकलेच्या वह्याही मी वर्षाअखेरीला त्याच वर्गात घातल्या होत्या.

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मी कुठल्या वर्गात आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. उत्तर नव्हतं म्हणून नव्हे. इतकं सोपं उत्तर मी तोंडाने कधी दिलंच नव्हतं, म्हणून. तिने फोन ठेवला.

त्या दुपारी मी दप्तराला विचारलं, शालनच्या चिठ्ठ्या कुठे आहेत. दप्तर म्हणालं, "ड वर्ग. वाचन नाही. नष्ट. आपल्या आदेशाने." एकतीस वर्षं मी लोकांना हेच उत्तर देत आलो होतो, जवळजवळ याच शब्दांत. समोरच्या माणसाला ते ऐकून कसं वाटतं, हे त्या दिवशी कळलं. मी लगदा कारखान्यात फोन केला. माल त्याच आठवड्यात गेला होता, त्याची अंड्यांची खोकी झाली असतील, असं तिथल्या माणसाने आपुलकीने सांगितलं. आपली अंडी कुठून येतात ते मी त्यानंतर दोन-तीनदा खोकं उलटून बघितलं. इतका वेडेपणा मी आयुष्यात केला नव्हता.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही. मी पावणेअकराला शालनच्या खुर्चीत बसायचो आणि बाराला उठायचो. मी फोन करावा असं रोज वाटायचं. पण करून बोलायचं काय? मुद्दे नव्हते. मुद्दे मीच नष्ट केले होते. शालन गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, कामं पुष्कळ होती. आता त्या खुर्चीत बसून रडलो.

तिसऱ्या आठवड्यात दप्तराने आपणहून आठवण करून दिली. एक नोंद प्रलंबित होती. अ वर्ग, खरेदीखताची फाईल, वरचा पुठ्ठा: दाबखुणा आढळल्या, वाचायच्या का? ही विचारणा पहिल्याच दिवशी आली होती आणि मी ती न वाचता बाजूला सारली होती. पुठ्ठ्यावर काय असणार, डाग असतील. आता मी फाईल काढली. निळा पुठ्ठा, त्यावर उभी-आडवी बांधलेली फीत. काही दिसत नव्हतं. बोट फिरवलं तर मधला भाग खडबडीत लागला, आणि तेव्हा मला शालनची मांडी आठवली. तिच्या मांडीवर दर रविवारी हीच फाईल असायची. हातासरशी कपाटात सापडायची आणि कडक होती म्हणून. चिठ्ठी सरकू नये म्हणून ती फितीच्या फुलीखाली खोचायची. नेहमी त्याच जागी, आणि नेहमी पेन दाबून.

मी लगेच फरझानाला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली. योजनेत हे बसत नाही म्हणाली, आणि तरी आली. पुठ्ठा पेटीत ठेवून तिने मला समजावलं. तीच लहर पृष्ठभागावरून परत येताना पुठ्ठा कुठे किती दबलाय तेही सांगते, केसाच्या शंभराव्या भागापर्यंत. चिठ्ठीवर लिहिलेलं खालच्या पुठ्ठ्यात उतरतं आणि शाई नसली तरी खळगा राहतो. एक चिठ्ठी असती तर सरळ वाचता आली असती.

पडद्यावर चित्र आलं. काळंमिट्ट गिचमिड, पावसाळ्यातल्या चिखलात बाजारभर माणसं चालून गेल्यासारखं. आठशे चिठ्ठ्या एकमेकींवर लिहिलेल्या होत्या. अक्षरावर अक्षर, त्यावर अक्षर.

"हे सोडवता येत नाही काका," फरझाना म्हणाली. "आमच्या साहेबांनाही काल विचारून आले मी. कुठली रेघ कुठल्या चिठ्ठीची, ते पुठ्ठ्याला माहीत नाही. पण एक होतं. जे एकदाच लिहिलंय ते गोंधळात जातं, आणि जे पुन्हा पुन्हा त्याच जागी लिहिलंय ते खोल जातं. खोल तेवढं ठेवून बाकीचं पुसू का? काय राहील सांगता येत नाही."

पूस म्हणालो. शालनच्या अक्षरांबाबतचा हा माझा दुसरा आदेश होता, आणि याची मला भीती वाटली. पहिल्याची वाटायला हवी होती.

ती एक बटण हळूहळू सरकवत गेली. गिचमिड फिकट झालं. मधला सगळा भाग विरघळला: लोणचं, गुडघा, मांजर, सोळा वर्षांचं सगळं बोलणं माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा गेलं. सगळ्यात वर एका अक्षराएवढी जागा काळी राहिली. श्री. शालन कुठलाही कागद त्याशिवाय सुरू करायची नाही. आणि तळाला एक पूर्ण ओळ राहिली. फरझानाने ती मोठी केली आणि वाचता वाचता थांबली. पडदा माझ्याकडे वळवला.

"शेवटी यांना फोन देणे."

यंत्राच्या हिशेबाने ती ओळ कमीत कमी सहाशे अकरा वेळा लिहिली होती. फरझाना म्हणाली, ही ओळ दर वेळी एकाच उंचीवर आहे, म्हणजे मुद्दे लिहून झाल्यावर ती येत नसणार. मुद्दे कधी चार, कधी दहा. ही ओळ आधीच लिहून ठेवलेली असणार, पावतीवर सहीची जागा तळाला असते तशी. वर श्री, खाली मी, आणि मग मधे त्या आठवड्याचं काय असेल ते. सहाशे अकरा वेळा शालनने ठरवलं होतं की आज हे बोलतील, आणि सहाशे अकरा वेळा मी पेपराआडून हात हलवला होता.

मी बोलत नाही म्हणून ती कधी चिडली नाही. मला वाटायचं, तिला माझा स्वभाव पटलाय. तिने फक्त पुढच्या रविवारी तोच मुद्दा पुन्हा घेतला. फरझानाने पाणी आणून दिलं आणि बाजूला बसली. जाताना तिने पुठ्ठा फितीने बांधून माझ्या हातात दिला.

रविवारी पावणेअकराला मी ती फाईल मांडीवर घेतली. घरात पाठकोरा कागद उरला नव्हता, मीच सगळे घालवले होते. शेवटी औषधाच्या खोक्यात घातलेलं माहितीपत्रक मिळालं, तेही दोन्ही बाजूंनी छापलेलं. त्याच्या समासात जागा होती. ते फितीच्या फुलीखाली खोचलं. वर श्री लिहिलं. तळाची ओळ लिहिली, पेन दाबून. मग मधे मुद्दे मांडले, आणि मला आश्चर्य वाटलं की ते संपेनात. पुठ्ठा. फरझाना. अंड्यांची खोकी. चित्रकलेच्या वह्या. आईचा एसटीडी बूथ, जो मला माहीत नव्हता. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. समास संपला तेव्हा अकरा वाजून गेले होते.

फोन मी केला. बराच वाजला. उचलला तेव्हा मागे भांड्यांचा आवाज होता, तिकडे संध्याकाळ होत आली असणार. ऋजू म्हणाली, बोला बाबा, आणि जेवलीस का या प्रश्नाची वाट बघत राहिली. मी तिला आधी पुठ्ठ्याचं सांगितलं. खळगे, लहरी, गिचमिड, सगळं क्रमाने, अहवाल वाचावा तसं, कारण मला दुसऱ्या रीतीने सांगता येत नाही. मधलं काही वाचलं नाही, ते गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं, हेही सांगितलं. मग वरचं श्री सांगितलं. भांड्यांचा आवाज थांबला होता.

"आणि तळाला?" तिने विचारलं.

मी तळाची ओळ वाचून दाखवली. किती वेळा ते सांगितलं.

ती रडत होती की गप्प होती ते मला कळलं नाही. शालनला कळलं असतं. खिडकीतून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली. मी मांडीवरचा कागद बोटांनी धरून ठेवला होता, फितीखाली असूनही.

"मग द्या ना त्यांना फोन," ऋजू म्हणाली.

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"ऋजू," मी म्हणालो, "मी बोलतोय."